वाडग्याकडची वाट

आमच्या गावात मासा कुठून आणलास असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: ‘पाण्यातून.’ विचारणारा हसतो, सांगणारा हसतो आणि विषय संपतो. कुणाच्या घटस्फोटाची खुशाल चौकशी करावी, कुणाच्या मूळव्याधीची करावी, पण माशाच्या पत्त्याची करू नये.

आमच्या घराचं तळं डोंगरावर होतं. नकाशात त्याचा निळा ठिपका आहे, पण नाव नाही. आम्ही त्याला वाडगं म्हणायचो, कारण चहूबाजूंनी उंच आणि मध्ये गोल. त्यात लाल पोटाचा रोडिंग मासा मिळतो, हातभर लांब. जमीन सरकारची, पाणीही सरकारचं; आमचं काय होतं, तर फक्त तिथवर जाणं. तळ्याच्या एका अंगाला कडा आहे आणि दुसऱ्या अंगाला दलदल. दलदलीत झरे आहेत, त्यामुळे ती ऐन हिवाळ्यातही धड गोठत नाही. तिनं एक घोडा गिळलाय आणि एक बर्फगाडी. तिकडे जायला वाटच नाही, असं सगळा गाव धरून चालायचा. वाट होती. नदीच्या वळणावर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांमागून एक अरुंद घळ वर जाते, ती माझ्या आजोबांना सापडली. त्यांनी ती फक्त बाबांना दाखवली आणि बाबांनी फक्त मला. पिढीत एकालाच, हा नियम. आईनं जन्मभर ते मासे साफ केले, पण तळं तिनं कधी पाहिलं नाही.

बर्फावर लपवाछपवी करणं सोपं नसतं. बर्फगाडीला चाकं नसतात, रुंद पट्टा असतो; तो एकदा फिरला की खालचा बर्फ दाबला जातो, रात्रीच्या थंडीत कडक होतो आणि मग ती वाट हिवाळाभर तिथंच बसते. म्हणून बाबा वाडग्याकडे जायचे ते फक्त दाट बर्फ पडत असताना. आपण पुढे जायचं आणि मागून आभाळानं पुसत यायचं. निरभ्र आकाशाखाली तिकडे फिरकायचं नाही, मग घरात चूल थंड असली तरी चालेल. मी लहानपणी एकदा म्हटलं, ‘बाबा, आज ऊन किती छान पडलंय.’ तर म्हणाले, ‘ऊन पडलंय ना, मग जा चर्चमध्ये.’

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. आर्विड दक्षिणेकडचा. इथं शाळेची बस चालवायला आला आणि माझ्यापाशी अडकला. बोलका, हसरा, आमच्या घुम्या गावात अगदीच परका. बर्फ भरून आला की मी उठून बूट घालायची आणि तो थर्मास भरून द्यायचा. ‘पाण्याकडे?’ ‘पाण्याकडे.’ एवढंच. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एकदा त्यानं विचारलं, ‘मी आलो तर चालेल का गं? मासे नको मला. नुसता बसेन.’ मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, ‘जावई आहे तो. जावई म्हणजे भाड्याचं बिऱ्हाड. आज इथं, उद्या तिथं.’ मी घरी येऊन ते जरा मऊ करून सांगितलं. आर्विड हसला. पण त्या हिवाळ्यापासून त्यानं रोडिंग खाल्ला नाही. म्हणायचा, ‘मला काटे लागतात.’ रोडिंगला कुठले आलेत एवढे काटे?

शेवटी हृदयानं दगा दिला आणि तो दवाखान्यात पडून होता, तेव्हा मला म्हणाला, ‘आता तरी सांग, सिग्ने. मी कुणाला सांगायला जातोय?’ मी हसले, त्याचा हात थोपटला. सांगितलं नाही. बाबा जिवंत होते ना. बाबांना शब्द दिला होता.

आर्विड गेल्यावर माझ्या घरी कॉफीला येणारा एकच उरला, तो म्हणजे शेजारचा हिल्डिंग. आम्ही एका वर्गातले. त्याची बायको फार पूर्वी शहरात निघून गेली होती. तो यायचा, आमच्याकडच्या रीतीनं कॉफीत चीजचे तुकडे बुडवायचा, माझं गळकं पन्हळ दुरुस्त करायचा आणि आर्विडच्या गोष्टी काढायचा. तो आला की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? या वयात माणसाला आणखी काय हवं असतं? दारात कुणाचे तरी बूट दिसले की पुरतं.

हिल्डिंग पूर्वी गावच्या बर्फगाडी मंडळात होता. मंडळ म्हणजे वाटा आखणारे, त्यांच्यावर लाल फुल्यांचे खांब रोवणारे आणि रविवारी सॉसेज भाजून खाणारे लोक. त्यांचं एकच दुखणं होतं. पलीकडच्या खोऱ्यातली मोठी वाट आमच्या डोंगरापाशी येऊन थांबायची. ती इकडे जोडली गेली असती तर स्टॉकहोमवाल्यांच्या चकचकीत गाड्या आमच्या दुकानासमोर थांबल्या असत्या. पण मध्ये कडा आणि दलदल. ‘मी ते मंडळ सोडलं,’ हिल्डिंग मला म्हणाला होता. ‘नुसती बडबड चालते तिथं.’ मी विश्वास ठेवला. न ठेवायला काय झालं होतं?

बाबा तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात होते. वय झालं होतं, पाय गेले होते, डोकं मात्र तल्लख. त्या हिवाळ्यात मी भेटायला गेले की त्यांचं एकच चालायचं.

‘एकदा वर ने मला.’

‘बाबा, माझी गाडी जुनी. तुम्हाला मागे घसरगाडीत बसवलं तर ती ओढत घळ चढेल का?’

‘हिल्डिंगची चढेल.’

‘हिल्डिंगला घेऊन जायचं? वाडग्यावर?’

‘तो चांगला पोरगा आहे. मला मरायच्या आधी एक मासा धरायचाय. बाकीचं तू बघ.’

चांगला पोरगा! साठीचा पोरगा! आर्विड भाड्याचं बिऱ्हाड आणि हा चांगला पोरगा. माझ्या मनात आलं खरं. म्हातारा मरणाला टेकलाय, विरघळला असेल, असं म्हणून सोडून दिलं. घरी येऊन हिल्डिंगला विचारलं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत, आमच्याकडे म्हणतात तसं श्वास आत ओढून ‘हो’ म्हणाला. म्हणाला, ‘तुझ्या बाबांसाठी, व्हालफ्रीदकाकांसाठी काय वाटेल ते.’

‘पण एक सांगते. बर्फ पडायला लागला की लगेच निघायचं. तयारीत राहा.’

‘वेडी आहेस का? त्यांची छाती बघ. वाऱ्यात, बर्फात त्या माणसाला उघड्यावर बसवणार? चांगला स्वच्छ दिवस बघू या.’

‘स्वच्छ दिवशी जात नाहीत, हिल्डिंग. चाकोरी राहते.’

‘मग नंतर पडेल ना बर्फ. पडल्याशिवाय राहतोय थोडाच?’

मी फोनवर बाबांना विचारलं. मला वाटलं, ते खवळतील. ते म्हणाले, ‘स्वच्छ दिवसच बरा. हाडं दुखतात माझी.’ ज्या माणसानं मला ऊन पडलं म्हणून चर्चमध्ये धाडलं होतं, तो हे म्हणाला. तिथंच पाणी मुरतंय हे कळायला हवं होतं. पण आपल्या माणसांच्या बाबतीत आपण डोळे झाकूनच जगतो.

दिवस निघाला तो असा की झाडाची सुई न् सुई दिसावी. थंडी कोरडी, वारा नाही. बाबांना रेनडिअरच्या कातड्यात गुंडाळून आम्ही हिल्डिंगच्या घसरगाडीत ठेवलं. बाहेर फक्त नाक दिसत होतं. मी माझ्या जुन्या गाडीवर पुढे, ते मागे. नदीच्या वळणाशी येऊन मी थांबले. सवयीनं मागे पाहिलं. आमच्या दोघांच्या चाकोऱ्या उन्हात लखलख चमकत होत्या. तरी वळले. स्प्रूसच्या फांद्या बाजूला केल्या आणि घळीत शिरले. मी ती वाट आर्विडला दाखवली नाही आणि हिल्डिंगला दाखवली. दोघांमध्ये फरक काय, तर एकाकडे रुंद पट्ट्याची गाडी होती.

वर पोचलो. मी बर्फात भोक पाडलं, बाबांना काठावर बसवलं, हातात गळाचा दोर दिला. हिल्डिंग म्हणाला, ‘तुम्ही बसा. मी घळ जरा दाबून येतो. उतरताना काकांच्या पाठीला हिसके बसायला नकोत.’ आणि तो खाली गेला, वर आला, परत खाली गेला, परत वर आला. मी त्याच्याकडे बघत होते. किती काळजी घेतो हा माणूस, असं मला वाटत होतं. डोळे भरून आले होते माझे, म्हणजे थंडीनं नाही.

बाबांनी एक मासा धरला. वर काढायला मला हात लावावा लागला, पण धरला त्यांनीच. त्याचं लाल पोट बर्फावर ठेवलं आणि बघत राहिले. मग आम्ही शेकोटी केली, वाळवलेलं मांस कापलं, कॉफी उकळली. बाबा हिल्डिंगशी बोलत होते: कुठल्या बाजूला खोल आहे, कुठं बर्फ पातळ असतो, वारा कुठून येतो. मला इतकं तर त्यांनी वर्षानुवर्षांत मिळून सांगितलं नव्हतं. हिल्डिंग विचारत होता, बाबा सांगत होते. मी कॉफी ओतत होते. त्या जागी आर्विडनं बसायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात होतं. बाकी मी सुखात होते. आज ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

नंतर बर्फ पडला नाही. रोज सकाळी मी पडदा सारून आभाळ बघायची आणि रोज ते धुतल्यासारखं स्वच्छ असायचं. हिल्डिंग कॉफीला यायचा, म्हणायचा, ‘पडेल गं. कशाला जीव टांगून ठेवतेस?’ मी म्हणायची, ‘कुणी आमच्या चाकोरीनं गेलं तर? बाबांच्या जन्माची पुंजी आहे ती.’ तो चीजचा तुकडा बोटानं कॉफीत दाबायचा आणि म्हणायचा, ‘कोण जातंय?’ मग आठवडाभर तो आलाच नाही. सर्दी झालीय म्हणून फोन केला. मी त्याच्या दारात सूप ठेवून आले. गाडी दारात नव्हती. सर्दी झालेल्या माणसाची गाडी कुठं जाते, हेही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग एक दिवस मी स्वतःच नदीवर गेले, निदान वळणाच्या तोंडाशी फावड्यानं बर्फ ओढून टाकावा म्हणून. लांबूनच दिसलं. वळणावर एक खांब आणि त्यावर लाल फुली. त्याच्यापुढे दुसरा. स्प्रूसच्या खालच्या फांद्या छाटून नीट बाजूला रचलेल्या. घळ खालपासून वरपर्यंत रुंद दाबलेली, रस्त्यासारखी सपाट, आणि कडेनं फुलीमागून फुली. मी त्या फुल्या बघत वर चढले. गाडी कशी चालवली मला आठवत नाही.

वाडग्याच्या काठी माणसं होती. आडोशाची झोपडी बांधायला ओंडके रचले होते, सॉसेजचा वास येत होता. मंडळाची अध्यक्षीण गुड्रुन मला बघून धावतच आली. दुकान चालवते ती, मनानं चांगली बाई.

‘सिग्नेताई! या, या. मी म्हणतच होते, तुम्ही याल म्हणून. कसे आभार मानू तुमचे?’

‘माझे?’

‘मग कुणाचे? एवढी वर्षं आम्ही दलदलीकडून नाहीतर कड्याकडून मार्ग शोधत बसलो होतो आणि वाट होती तुमच्या खिशात! हिल्डिंग म्हणाला, व्हालफ्रीदकाकांनी गावाला भेट दिली म्हणून. पाटीसुद्धा करायला टाकलीय. “व्हालफ्रीदची वाट.” कसं वाटतं?’

‘हिल्डिंग म्हणाला?’

‘हो. शरद ऋतूतल्या सभेतच म्हणाला ना. या हिवाळ्यात दाखवतो, तोवर मूग गिळून बसा, म्हणाला. आम्ही बसलो.’

शरद ऋतूत. म्हणजे पहिला बर्फ पडायच्या आधी. म्हणजे माझ्या टेबलावर कॉफी पीत, माझ्या नवऱ्याच्या आठवणी काढत हा माणूस बसला होता, तेव्हाच सगळं ठरलं होतं. बाबांच्या छातीची काळजी, पाठीचे हिसके, घळीत पुन्हापुन्हा खालीवर करणं. वाट दाबत होता तो! आणि मी त्याच्याकडे डोळे भरून बघत होते. गुड्रुननं पुढे केलेलं सॉसेज मी घेतलं नाही. तिच्यावर ओरडायचंही जमलं नाही. तिचा काय दोष?

हिल्डिंग अंगणात लाकडं फोडत होता. मी गाडी थेट त्याच्या लाकडांच्या ढिगाला लावली.

‘सर्दी बरी झाली वाटतं?’

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. ‘सिग्ने, आत ये. बोलू.’

‘आत कशाला येऊ? इथंच बोल, गाव ऐकू दे. केसानं गळा कापलास माझा, हिल्डिंग. माझ्याच घरची कॉफी पिऊन कापलास. मंडळ सोडलं म्हणालास!’

‘सोडलं होतं. परत गेलो. दुकान बंद पडायला आलंय, तुला माहितीय. शाळा तर गेलीच. जोडवाट झाली तर माणसं येतील. मी माझ्यासाठी नाही केलं.’

‘वा! गावासाठी केलंस. मग मला का नाही विचारलंस? मी काय गावाबाहेरची?’

तो वाकून ढलप्या गोळा करायला लागला.

‘म्हाताऱ्याला फसवलंस. पाय गेलेल्या माणसाला घसरगाडीत घालून, त्याच्याच तळ्यावर नेऊन फसवलंस. लाज नाही वाटली?’

यावर मात्र त्यानं वर पाहिलं. ‘त्यांना कुणी फसवलं नाही, सिग्ने.’

‘म्हणजे?’

‘मी शरद ऋतूत त्यांना भेटायला गेलो होतो. सरळ विचारलं. ते म्हणाले, एकदा मला वर ने, मासा धरू दे, मग वाट तुझी. म्हणाले, सिग्नेला इतक्यात सांगू नकोस, ती उगाच आकांडतांडव करेल. स्वच्छ दिवससुद्धा त्यांनीच सांगितला. म्हणाले, त्याशिवाय वाट बसणार नाही.’ त्यानं हातमोजे काढले. ‘मी तुला सांगायला हवं होतं. रोज ठरवून यायचो. रोज तू कॉफी ओतायचीस.’

मी त्याला खोटारडा म्हटलं. आणखीही बरंच काही म्हटलं, ते इथं लिहीत नाही. पण गाडी वळवताना मला ठाऊक होतं की तो खोटं बोलत नाहीये. बाबांचं ते ‘हाडं दुखतात’ माझ्या कानात होतं.

वृद्धाश्रमात बाबा खिडकीशी बसून लापशी खात होते. मी कोट न काढताच समोर बसले.

‘फुल्या बघून आलीस?’ त्यांनीच विचारलं.

‘खरं आहे तर.’

‘काय खरं आणि काय खोटं? मी आता मरणार. मग तळं तुझं. तू मेलीस की कुणाचं? तुला पोरबाळ नाही. लपवायचं तरी कुणासाठी?’

‘मला विचारलं का नाहीत?’

‘तू नाही म्हणाली असतीस आणि मी इथंच लापशी खात मेलो असतो. मला एकदा वर जायचं होतं.’ त्यांनी चमचा चाटून ठेवला. ‘हिल्डिंग रोखठोक बोलला. मीही रोखठोक बोललो.’

त्यांच्या आवाजात ना राग होता, ना लाज. सौदा पटला, संपला. मी हात कोटाच्या खिशात घातले.

‘बाबा, आर्विडनं नुसतं बसायला मागितलं होतं. मासाही नको म्हणाला होता.’

‘आर्विड?’ त्यांना क्षणभर नाव कुणाचं तेच कळेना.

‘माझा नवरा. मरताना त्यानं विचारलं मला, कुठं आहे म्हणून. नुसतं सांग म्हणाला. मी नाही सांगितलं. तुम्हाला शब्द दिला होता म्हणून नाही सांगितलं.’

बाबांना खरंच नवल वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

‘मग सांगायचं होतंस,’ ते म्हणाले. ‘न्यायचं होतंस त्याला. मी काय तुझ्या मागे बघायला येत होतो?’

एवढं ते सहज बोलले, जणू मी एखाद्या दिवशी छत्री घरी विसरले होते. मी जन्मभर ज्याला बाबांना दिलेला शब्द समजले, तो त्यांच्या लेखी नुसती सवय होती. हिल्डिंगनं मला फसवलं, ते मी कधीतरी गिळीन. पण हे कसं गिळायचं? ज्या शब्दासाठी मी आर्विडला आयुष्यभर दाराबाहेर उभं केलं, तो शब्द घेणाऱ्याला आठवतही नव्हता.

सेविका येऊन वाडगी घेऊन गेली. बाबांनी रुमालानं तोंड पुसलं.

‘रविवारी उद्घाटन आहे ना? पाटी लावणार आहेत माझ्या नावाची. लवकर ये न्यायला. जाड मोजे घेऊन ये.’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘येणार नाही.’

त्यांनी कानामागे हात नेला, जणू ऐकायला आलं नसावं. बाबांना मी आयुष्यात म्हटलेलं हे पहिलं ‘नाही’ होतं. जावई म्हणजे भाड्याचं बिऱ्हाड, असं ते ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी ते म्हणायला हवं होतं. आता ते ऐकायला आर्विड नव्हता आणि बाबांना ते ऐकायचं नव्हतं.